जलरेषेपर्यंतची जहाजे : प्रवासी आगबोटींच्या धातूच्या लघुप्रतिकृती आणि त्यांचा संग्रह

वाफेच्या युगातील मोठ्या प्रवासी जहाजांच्या वीतभर लांबीच्या ओतीव प्रतिकृती जमवण्याचा छंद मुख्यतः जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका या देशांत रुजला असून त्याला आता शतकाच्या आसपासचा इतिहास आहे. या छंदाकडे खेळण्यांच्या इतिहासाची एक शाखा म्हणून पाहणारे जसे आहेत, तसेच नौकानयनाच्या अभ्यासाचे एक साधन म्हणून पाहणारेही आहेत. आणि या दोन दृष्टींमधला वाद वरवर किरकोळ वाटला, तरी प्रतिकृती कोणती निवडावी, तिची डागडुजी करावी की नाही, उडालेला रंग पुन्हा द्यावा की नाही, अशा प्रत्येक व्यावहारिक प्रश्नाच्या मुळाशी तोच असतो. प्रत्येक प्रतिकृती एकाच वेळी दोन गोष्टींची साक्ष देत असते, एक ज्या जहाजावरून ती घडवली त्या जहाजाची आणि दुसरी ज्या कारखान्यात, ज्या काळात ती ओतली गेली त्या काळाची. बहुधा या साक्षी जुळतात. जेथे त्या जुळत नाहीत, तेथे संग्राहकाला दोहोंपैकी एकीची बाजू घ्यावी लागते.

या प्रतिकृतींचे पहिले लक्षण असे की त्यांना जहाजाचा पाण्याखालचा भाग नसतो. भरलेले जहाज ज्या रेषेपर्यंत पाण्यात बुडते तिला जलरेषा म्हणतात; त्या रेषेवर जहाजाचे धड आडवे कापल्यासारखा तळ सपाट ठेवलेला असतो, त्यामुळे टेबलावर ठेवताच टेबलाचा पृष्ठभागच समुद्र होऊन जातो. ही रीत शोभेसाठी निघालेली नाही. जमिनीवर मोठा नकाशा पसरून त्यावर युद्धनौकांची लहान रूपे सरकवत लढाया खेळण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रूढ झाली, आणि फ्रेड टी. जेन याने १८९८ मध्ये जगातील युद्धनौकांचा आपला प्रसिद्ध संदर्भग्रंथ काढला तो अशाच एका युद्धखेळाच्या जोडीने. खेळाला नौकेचा फक्त दिसणारा भाग हवा होता, कारण खऱ्या समुद्रावर शत्रूलाही तेवढाच दिसतो. प्रवासी जहाजांच्या प्रतिकृतींनी हा सपाट तळ युद्धनौकांकडून जसाच्या तसा उचलला.

दुसरे लक्षण म्हणजे प्रमाण, म्हणजे खऱ्या लांबीशी प्रतिकृतीच्या लांबीचे असलेले गुणोत्तर. येथे दोन परंपरा आहेत. इंग्लंड-अमेरिकेत शंभर फुटांना एक इंच हा हिशेब सोयीचा म्हणून १:१२०० हे प्रमाण आले, तर दशमान पद्धतीत वाढलेल्या जर्मनीने १:१२५० स्वीकारले आणि आज संग्राहकांच्या जगात याच दुसऱ्या प्रमाणाचे वर्चस्व आहे. या मापाने २६९ मीटर लांबीची ‘टायटॅनिक’ साडेएकवीस सेंटिमीटरची, म्हणजे जवळजवळ नेमकी एक वीत भरते, आणि ‘क्वीन मेरी’ व ‘नॉर्मंडी’ या सुमारे पंचवीस सेंटिमीटरच्या होतात. दोन प्रमाणांतला फरक चार टक्क्यांचाच असला तरी तो दोन्ही जहाजे शेजारी ठेवली की लगेच खुपतो, म्हणून काटेकोर संग्राहक ती एका खणात मिसळत नाहीत. उभा माणूस १:१२५० मध्ये दीड मिलिमीटरही भरत नाही. कठड्याचा इंचभर जाडीचा गज केसाहून बारीक होतो आणि म्हणून तो एकतर गाळावा लागतो किंवा प्रमाण मोडून जाड करावा लागतो. मराठी वाचकाला याची कल्पना एका उदाहरणाने येईल. जुलै १९१० मध्ये मार्सेल्सच्या बंदरात विनायक दामोदर सावरकर ‘मोरिया’ या बोटीच्या ज्या गोल खिडकीतून, म्हणजे पोर्टहोलमधून, निसटले ती फूटभर व्यासाची धरली, तर या प्रमाणात ती पाव मिलिमीटरचीही होणार नाही; सुईच्या टोकाने उमटवलेला एक ठिपका एवढीच तिची खूण राहील. लघुप्रतिकृती ही म्हणूनच नक्कल कमी आणि निवड अधिक असते, आणि कारागिराची योग्यता तो काय दाखवतो यापेक्षा काय गाळतो यावरून अधिक अचूक कळते.

या व्यवसायाच्या इतिहासात इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या संस्थेचे नाव आधी येते, परंतु तिच्या १:१२०० मधील जहाजांचे धड प्रामुख्याने लाकडी असून धातूचा वापर बारीकसारीक भागांपुरता होता. संपूर्ण ओतीव धातूच्या जहाजांची सलग मालिका उभी केली ती जर्मनीच्या विकिंग या कंपनीने, जिची स्थापना १९३२ मध्ये कील या नौदलाच्या शहरात झाली आणि जी पुढे बर्लिनला गेली. विकिंगच्या यादीत युद्धनौकांबरोबर ‘ब्रेमेन’सारखी प्रवासी जहाजेही होती. जर्मनीच्या दृष्टीने ही जहाजे राष्ट्रीय अभिमानाची चिन्हे होती, कारण १९२९ मध्ये ‘ब्रेमेन’ने अटलांटिक सर्वांत जलद ओलांडण्याचा मान, ज्याला ‘ब्लू रिबंड’ म्हणत, इंग्लंडच्या ‘मॉरिटानिया’कडून हिसकावून घेतला होता. ‘मॉरिटानिया’ने तो दोन दशके राखला होता.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने आपल्या डिंकी टॉइज या नावाखाली १९३४ मध्ये प्रसिद्ध प्रवासी जहाजांचा एक संच बाजारात आणला. त्यात जर्मनीची ‘युरोपा’, इटलीची ‘रेक्स’, कॅनडियन पॅसिफिकची ‘एम्प्रेस ऑफ ब्रिटन’ आणि पी अँड ओ कंपनीची ‘स्ट्रॅथएर्ड’ ही जहाजे होती. त्यांचे प्रमाण साधारण १:१८०० असे लहान, आणि बारकावे मुलांच्या खिशाला व हातांना झेपतील एवढेच. या यादीतले शेवटचे नाव मुंबईकरांच्या ओळखीचे होते, कारण १९३२ मध्ये सेवेत आलेली ‘स्ट्रॅथएर्ड’ लंडनजवळच्या टिलबरीहून निघून मुंबई आणि कोलंबोमार्गे ऑस्ट्रेलियाला जात असे. पांढरेशुभ्र धड आणि पिवळसर धुराडी ही या कंपनीच्या ‘स्ट्रॅथ’ जहाजांची खूण होती. या बोटीकडे लेखाच्या अखेरीस पुन्हा वळावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धाने या नाजूक वस्तूंना एकदम लष्करी काम दिले. खलाशी व वैमानिक यांना दुरून दिसणारी आकृती ओळखता यावी म्हणून जर्मन नौदलाने विकिंगच्या, ब्रिटिशांनी बॅसेट-लोकच्या आणि अमेरिकनांनी कॉमेट व फ्रॅमबर्ग या कंपन्यांच्या प्रतिकृती प्रशिक्षणात वापरल्या. प्रवासी जहाजेही या अभ्यासातून सुटली नाहीत, कारण युद्धकाळात तीच सैन्यवाहू झाली होती आणि त्यांची धुराडी किती, डोलकाठ्या कोठे, यावर टॉर्पेडो सुटणार की नाही हे ठरू शकत होते. युद्धानंतर उरलेला हा माल बाजारात आला, आणि संग्राहकांच्या पहिल्या मोठ्या पिढीला खाद्य मिळाले ते बऱ्याच अंशी त्यातूनच.

प्रवासी जहाजांच्या बाबतीत सर्वांत लोकप्रिय ठरलेली मालिका मात्र युद्धोत्तर आहे. ब्रिटनच्या ट्रायअँग या व्यापारनामाखाली १९५९ पासून निघालेल्या ‘मिनिक शिप्स’ १:१२०० प्रमाणात होत्या. त्यांत ‘क्वीन मेरी’, ‘क्वीन एलिझाबेथ’, ‘ॲक्विटानिया’, ‘न्यू ॲमस्टरडॅम’, अमेरिकेची ‘युनायटेड स्टेट्स’, ‘फ्रान्स’ आणि ‘कॅनबेरा’ यांचा समावेश होता. जहाजांबरोबर धक्के, याऱ्या आणि गोदामे, एवढेच काय न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचा पुतळाही मिळत असल्याने घरातल्या जमिनीवर अख्खे बंदर मांडता येई. वेळ मात्र विलक्षण प्रतिकूल होती. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५८ मध्ये, अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली होती, आणि ज्या जहाजांची ही रूपे मुलांच्या हाती पडत होती त्यांचे प्रवासी झपाट्याने आकाशाकडे वळत होते. साठच्या दशकाच्या मध्यावर मालिका बंद पडली, खरी ‘क्वीन मेरी’ १९६७ मध्ये निवृत्त होऊन कॅलिफोर्नियातील लाँग बीचला कायमची बांधली गेली, आणि सत्तरच्या दशकात हॉर्नबी कंपनीने काही साचे पुन्हा वापरले तेव्हा जहाजांच्या तळाला चाके लावून त्यांना निखळ खेळणे बनवले. या चाकांबद्दल संग्राहकांमध्ये जो तिरस्कार आढळतो तो समजण्यासारखा असला तरी पूर्णपणे न्याय्य नाही, कारण चाके ही त्या काळच्या बाजाराची प्रामाणिक खूण आहे.

यानंतरचा काळ जर्मनीतील छोट्या कार्यशाळांचा आहे. मर्केटर, हान्सा, अल्बाट्रॉस, सीएम या नावांनी निघालेल्या मालिकांनी मुलांना बाजूला सारून सरळ प्रौढ संग्राहकाला गाठले. या पिढीची घडण समजून घेण्यासाठी हॅम्बुर्गचे आंतरराष्ट्रीय सागरी संग्रहालय पाहणे उपयोगी ठरते. वृत्तपत्र व्यवसायातील पीटर टॅम यांना १९३४ मध्ये, वयाच्या सहाव्या वर्षी, आईने एक चिमुकले मालवाहू जहाज दिले आणि तेथून वाढत गेलेल्या त्यांच्या खासगी संग्रहासाठी २००८ मध्ये बंदरातील जुन्या गोदामाच्या इमारतीत हे संग्रहालय उघडले. त्याचा एक वरचा मजला जवळजवळ पूर्णपणे १:१२५० च्या जहाजांना दिलेला आहे, आणि काचेआड रांगेने उभी असलेली ती हजारो जहाजे पाहिली की हा छंद मोजदादीच्या वेडाशी किती जवळचे नाते सांगतो हे ध्यानात येते.

ही जहाजे कशाची बनतात हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. त्यांचे आयुष्य आणि त्यांची निवड दोन्ही त्यावर अवलंबून असतात. मोठ्या कारखान्यांनी वापरलेला धातू म्हणजे झमॅक, जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम व अल्प प्रमाणात इतर धातू मिसळून १९२९ च्या सुमारास अमेरिकेत विकसित झालेला मिश्रधातू. तो वितळवून दाबाने पोलादी साच्यात भरतात. साचा लाखो वेळा वापरता येतो, पण तो कोरून घ्यायला एवढा खर्च येतो की हजारोंनी खप होईल असेच जहाज निवडावे लागते. छोट्या कार्यशाळांची पद्धत निराळी आहे. तेथे कारागीर पितळ वा प्लॅस्टिकचे एक मूळ रूप हाताने घडवतो, त्यावरून रबराचा साचा घेतला जातो, आणि तो वेगाने फिरवत त्यात कथील, अँटिमनी व पूर्वी शिसे यांचा ‘व्हाइट मेटल’ नावाचा मऊ मिश्रधातू ओततात, जो फिरण्याच्या जोराने साच्याच्या कानाकोपऱ्यांत पोचतो. रबर लवकर झिजते, म्हणून आवृत्ती लहान राहते. पण साचा स्वस्त असल्याने फारसे कोणाला माहीत नसलेले जहाजही परवडते. संग्राहक ज्याला दुर्मिळता म्हणतात ती बऱ्याचदा रबराच्या झिजेचीच दुसरी बाजू असते.

दोन्ही धातूंना आपापले रोग आहेत. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा वा कथिलाचा अंश जरासा जरी राहिला, तरी धातूच्या कणांमधल्या सीमारेषांवर गंज धरतो, पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात, धड फुगते, वाकते आणि शेवटी बिस्किटासारखे चुरते. जस्ताच्या शुद्धतेबद्दल पुरेशी काळजी घेतली जात नव्हती त्या युद्धपूर्व काळातील डिंकीच्या अनेक वस्तूंना ही कीड लागली, आणि एकदा लागली की तिच्यावर इलाज नाही. दमट व उष्ण हवेत ती अधिक वेगाने वाढते, म्हणून मुंबई-कोकणच्या हवेत अशी जुनी वस्तू ठेवणाऱ्याने कोरड्या, स्थिर तापमानाच्या जागेची सोय आधी पाहिली पाहिजे. शिशाचा रोग याहून गमतीदार आहे, कारण तो बहुधा संग्राहकाच्या प्रेमातून होतो. मौल्यवान जहाजे ओकच्या सुंदर, घट्ट बंद होणाऱ्या कपाटात ठेवली जातात; ओकच्या लाकडातून व्हिनेगरच्या आम्लाची वाफ हळूहळू सुटत असते; ती आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून शिशाची पांढरी भुकटी करतात. रंगकामात वापरला जाणारा पांढरा सफेदा युरोपात शतकानुशतके शिसे व सिरका जवळजवळ कोंडूनच तयार केला जाई, तेव्हा असे कपाट म्हणजे सफेद्याचा एक लहानसा कारखानाच म्हणावा लागेल. काच आणि धातूचे, थोडी हवा खेळती असलेले साधे कपाट या बाबतीत कितीतरी अधिक विश्वासू ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे प्रतिकृती कोणत्या जहाजाची आहे या प्रश्नाकडे वळता येईल. आणि येथे पहिली अडचण अशी की एकच जहाज आयुष्यभर एकसारखे राहत नाही. ‘युरोपा’ १९३० मध्ये निघाली तेव्हा तिची धुराडी मुद्दाम बुटकी ठेवली होती. काजळी मागच्या डेकवर प्रवाशांच्या अंगावर पडू लागली तेव्हा ती उंच करावी लागली. युद्धानंतर हेच जहाज फ्रान्सकडे गेले, ‘लिबेर्ते’ झाले आणि लाल-काळ्या धुराड्यांनी १९५० पासून पुन्हा धावू लागले. एका धडाची ही तीन निराळी दर्शने आहेत आणि संग्राहकाला ती तीन स्वतंत्र जहाजे वाटतात. काळ्या धडाची ‘मॉरिटानिया’ तिच्या शेवटच्या वर्षांत सहलींसाठी पांढरी रंगवली गेली. ‘ऑलिंपिक’वर पहिल्या महायुद्धात शत्रूची नजर चुकवण्यासाठी वेड्यावाकड्या पट्ट्यांचा रंग चढवला होता. ‘क्वीन एलिझाबेथ’चा तर पहिला प्रवासच १९४० मध्ये गुपचूप, राखाडी रंगात झाला आणि कंपनीच्या रंगांत प्रवासी घेऊन ती निघाली ती १९४६ मध्ये, त्यामुळे त्या जहाजाचे ‘मूळ रूप’ कोणते हे ठरवणे वाटते तेवढे सोपे नाही. चांगल्या कार्यशाळा म्हणूनच नावापुढे वर्ष छापतात. वर्ष नसलेली प्रतिकृती ही तारीख नसलेल्या पत्रासारखी असते. वाचता येते, पण संदर्भ जुळत नाही.

धुराड्यांची गोष्टही अशीच आहे. या प्रमाणात जहाज ओळखले जाते ते प्रथम धुराड्यांवरून, आणि नेमकी तीच सर्वांत कमी विश्वासू असतात. १८९७ च्या जर्मन ‘कायझर विल्हेल्म डेर ग्रोस’ने चार धुराड्यांची टूम काढल्यानंतर धुराडी जास्त म्हणजे जहाज जलद व सुरक्षित अशी प्रवाशांची समजूत झाली. ‘टायटॅनिक’चे चौथे धुराडे बॉयलरांना जोडलेले नसून मुख्यतः हवा बाहेर काढण्याच्या कामाचे होते, आणि ‘नॉर्मंडी’चे तिसरे तर दिखाऊच होते. प्रतिकृतीत मात्र खरे आणि खोटे धुराडे एकाच ओतात, एकाच धातूत तयार होते.

संग्रहात कोणती जहाजे येतात हे पाहिले तर साच्याच्या अर्थकारणाची छाया सर्वत्र दिसते. अटलांटिकवरची, श्रीमंत देशांच्या झेंड्याखालची, विक्रमांची जहाजे पुन्हापुन्हा ओतली गेली. पूर्वेकडच्या मार्गांवरची तुलनेने कमी, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने माणसे वाहणाऱ्या आगबोटी मोठ्या कारखान्यांच्या यादीत जवळजवळ नाहीतच. कोकणच्या चाकरमान्यांना घेऊन जाणाऱ्या बोटींना लाखोंनी खपणाऱ्या मालिकेत जागा मिळणे शक्य नव्हते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना उलटून सहाशेहून अधिक माणसांसह बुडालेली ‘रामदास’ साधारण १८० फुटांची होती. १:१२५० मध्ये ती साडेचार सेंटिमीटरचीही भरणार नाही, म्हणजे ‘टायटॅनिक’च्या पाचव्या हिश्श्याएवढी. हा फरक लांबीचा आहे, महत्त्वाचा नव्हे, पण कपाटात ठेवलेल्या वस्तूंचे महत्त्व डोळा लांबीवरूनच मोजतो. अलीकडे त्रिमितीय छपाईने मूळ रूप संगणकावर रेखून राळेत छापता येते आणि त्यावरून रबराचा साचा घेऊन धातूही ओतता येतो, त्यामुळे खपाचा अडसर बराच दूर झाला आहे. आता अडसर आहे तो रेखाचित्रांचा. बांधणी गोदीतले आराखडे मिळाले नाहीत तर दोन-चार छायाचित्रांवरून उभारलेले जहाज ‘तसे असावे’ या पातळीवर राहते, आणि असे जहाज संग्रहात ठेवायचे तर त्याच्या तळावर तसे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे.

खऱ्या जहाजांची गत या छोट्या वस्तूंच्या मूल्याशी अप्रत्यक्षपणे जोडलेली आहे. ‘नॉर्मंडी’ १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्याला जळून उलटली, ‘क्वीन एलिझाबेथ’ १९७२ मध्ये हाँगकाँगला जळाली, आणि ‘फ्रान्स’ पुढे ‘नॉर्वे’ होऊन अखेर ‘ब्लू लेडी’ या नावाने २००६ मध्ये गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर चढवली गेली व तेथे तिचे तुकडे झाले. सुमारे ३१६ मीटरचे ते पोलाद भट्टीत गेले, पण साठच्या दशकात ट्रायअँगने ओतलेली तिची जस्ताची वीतभर रूपे अजून डब्यांतून हात बदलत आहेत. डबा मूळचा असला तर किंमत बरीच वाढते, आणि रंग पुन्हा दिलेला असला तर ती तेवढीच उतरते, मग तो रंग पहिल्यापेक्षा कितीही सफाईदार असो. बाजार येथे कारखान्याच्या साक्षीची बाजू घेतो. जहाजाच्या साक्षीसाठी झगडणारे संग्राहक मात्र जुन्या प्रतिकृतीच्या डोलकाठ्या बदलतात, जाड तारा काढून बारीक लावतात, धुराड्यांचा लाल रंग कंपनीच्या नमुन्याशी जुळवतात.

या दोन्ही बाजू समोरासमोर येतात त्या डिंकीच्या ‘स्ट्रॅथएर्ड’वर. खऱ्या बोटीला १९३२ मध्ये तीन धुराडी होती आणि त्यांपैकी पहिले व तिसरे दिखाऊ होते; युद्धानंतर सैन्यसेवेतून परतल्यावर तिची डागडुजी झाली तेव्हा ही दोन्ही काढून टाकण्यात आली आणि १९६१ मध्ये हाँगकाँगला मोडीत निघेपर्यंत ती मधल्या एकाच धुराड्यावर धावली. स्वातंत्र्यानंतर बॅलार्ड पिअरवर ज्यांनी ही बोट पाहिली त्यांच्या आठवणीतली ‘स्ट्रॅथएर्ड’ एका धुराड्याची आहे; १९३४ चे खेळणे तीन धुराड्यांचे. कानशीने दोन धुराडी घासून त्या जागी पांढरा रंग लावायला तासभर पुरेल, मात्र त्यानंतर ते ना १९३४ चे खेळणे राहील ना अचूक प्रतिकृती होईल, कारण एवढ्या ढोबळ ओतकामात युद्धानंतरचे बाकी बदल दाखवायला जागाच नाही. शहाणा संग्राहक म्हणून कानस खाली ठेवतो आणि एका धुराड्याची बोट हवी असेल तर ती वेगळी ओतून घेतो.